सेल्फ लागतो, इंजिन फिरतं, पण गाडी पकडत नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार काका, मी भांडुपला राहतो. आमची गाडी २००८ ची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, वडिलांनी घेतलेली, ७८ हजार किलोमीटर झालेत. गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्वतः काम काढलं. चारही प्लग बदलले, प्लगच्या वायरी नव्या टाकल्या, एअर फिल्टर बदलला आणि स्प्रे मारून थ्रॉटल बॉडी (इंजिनला जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ केली. आधी गाडी एकदम व्यवस्थित चालत होती, फक्त थोडी मिसिंग करायची म्हणून हे सगळं केलं. आता सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरतं पण सुरूच होत नाही. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा घूं आवाज येतो, चेक इंजिनचा दिवापण लागतो. दोन-तीन वेळा पुढून फट असा आवाज आला. मी बहुतेक अर्धा तास सेल्फ मारत होतो, मग वॉचमन आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या दोघांना घेऊन धक्का पण मारून बघितला, काही नाही. आता बॅटरी पण मंद झालीये आणि गाडीजवळ पेट्रोलचा वास येतोय. कोणी म्हणतं पंप गेला, कोणी म्हणतं कॉम्प्युटर गेला. वडिलांना अजून सांगितलं नाहीये की मीच काम केलं होतं. काय करू?
— एक वाचक, भांडुप (पश्चिम)

उत्तर : सगळ्यात आधी, सेल्फ मारणं थांबवा. आजच्या दिवस तरी चावीला हात लावू नका. आणि पंप, कॉम्प्युटर असलं काही विकत आणू नका, कारण तुमच्या पत्रातच जवळजवळ सगळं उत्तर आहे, तुम्ही नीट बघून लिहिलंय म्हणून मला सांगता येतंय.

बघा, पेट्रोल इंजिनला सुरू व्हायला हवा, पेट्रोल, सिलिंडरमध्ये पिस्टनचा दाब आणि बरोबर वेळेला ठिणगी एवढंच लागतं. पंपाचा आवाज येतोय आणि पेट्रोलचा वास येतोय म्हणजे पेट्रोल आत पोचतंय. चेक इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावर लागतोय म्हणजे कॉम्प्युटरला करंट मिळतोय. इंजिन एकसारखं घुं-घुं-घुं करत, मध्ये मध्ये अडखळत फिरत असेल, एकदम हलकं सुर्रर्र फिरत नसेल, तर दाबही आहे. आणि फट आवाज आला म्हणजे ठिणगीपण पडतेय, फक्त भलत्या वेळेला पडतेय. हा फट आवाज माझ्यासाठी सगळ्यात मोठा पुरावा आहे.

तुम्ही लिहिलं नाहीये पण मी पैजेवर सांगतो, तुम्ही चारही वायरी एकदम काढल्यात आणि मग नव्या वायरी कॉइलवर, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट देणाऱ्या डब्यावर, सरळ ओळीत, एक दोन तीन चार अशा लावल्यात. तुमच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत एकाच कॉइलच्या डब्यातून चार वायरी निघतात आणि त्या जोडीजोडीने काम करतात, १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी. जोडीतल्या दोघांना एकाच वेळी ठिणगी मिळते, एकाला ती कामाला येते, दुसऱ्याला त्या वेळी फुकट जाते. त्यामुळे १ आणि ४ ची अदलाबदल झाली तर गाडीला फरकच पडत नाही. पण २ ची वायर ४ च्या जागी गेली की ठिणगी इंजिनच्या अर्ध्या फेऱ्याने चुकते, पिस्टन खाली असताना, आत घेणारा व्हॉल्व्ह अजून उघडा असताना आतलं पेट्रोल पेटतं आणि जाळ उलटा एअर फिल्टरच्या दिशेने येतो. तोच तुमचा फट. दोन सिलिंडर इंजिनला पुढे ढकलतायत आणि दोन बिघडवतायत, मग ते पकडणार कसं?

कॉइलवर प्रत्येक तोंडापाशी बारीक आकडे कोरलेले असतात, टॉर्च मारून, धूळ पुसून बघा. ते ओळीत १-२-३-४ असतीलच असं नाही, आणि प्रत्येक गाडीत वेगळे असू शकतात म्हणून कोणाच्या दुसऱ्या गाडीचं बघून लावू नका. इंजिनचा १ नंबर सिलिंडर म्हणजे सहसा ज्या बाजूला बेल्ट आहेत त्या टोकाचा. तिथून मोजत जा. वायरींची लांबीपण वेगवेगळी असते, एखादी वायर ओढून ताणून बसवावी लागली असेल तर ती बहुतेक तिच्या जागेवर नाहीये.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे घरी काम केलेल्या किती तरी गाड्या टोचन करून माझ्याकडे येतात. समजा तुम्ही आज वायरी बरोबर लावल्या आणि सेल्फ मारला, तरी गाडी बहुतेक सुरू होणार नाही. आणि तुम्हाला वाटेल की वायरींचा काही संबंध नव्हता, तुम्ही परत उलटसुलट कराल आणि खरं कारण हातात येऊन निसटेल. कारण अर्धा तास सेल्फ मारल्यामुळे मूळ बिघाडावर आता दोन नवे बिघाड चढलेत. प्लग पेट्रोलने भिजलेत, ओल्या प्लगवर ठिणगी नीट पडत नाही. आणि बॅटरी बसलीये. सेल्फ फिरवताना व्होल्टेज साधारण साडेनऊच्या खाली गेलं की इंजिन फिरताना दिसतं पण कॉइलला आणि कॉम्प्युटरला पुरेसा करंट उरत नाही. म्हणजे एका वेळी तीन गोष्टी सरळ झाल्या तरच गाडी सुरू होणार, दोन करून थांबलात तर काहीच कळणार नाही.

म्हणून असं करा. बॅटरी रात्रभर चार्जरला लावा, चार्ज होऊन तासभर तशीच ठेवल्यावर मीटरने साधारण १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. मीटर नसेल तर लॅमिंग्टन रोडला साधा मीटर स्वस्तात मिळतो, स्वतः गाडीचं काम करणाऱ्याने तो घेतलाच पाहिजे. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप करणार असाल तर लाल केबल आधी तुमच्या बॅटरीच्या प्लसला, मग त्याच्या प्लसला, काळी त्याच्या मायनसला आणि काळीचं शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, तुमच्या बॅटरीपासून लांब, कारण शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून गॅस निघत असतो.

वायरी लावून झाल्या की प्लग चारही काढा, स्वच्छ कपड्याने पुसा, उन्हात तासभर ठेवा. गॅसच्या शेगडीवर भाजू नका, मुंबईत आजही लोक हे करतात, पेट्रोल लागलेला प्लग आगीजवळ न्यायचाच नाही. प्लगचं पांढरं चिनीमातीचं अंग बारकाईने बघा, पाना तिरका लागला की त्याला केसासारखी चीर जाते आणि करंट तिथूनच निसटतो. परत बसवताना आधी हाताने फिरवून पूर्ण आत जाऊ द्या, पान्याने पहिलाच फेरा मारलात आणि आटे तिरके गेले तर हेड उतरवायची वेळ येते. नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यावर पुढे साधारण अर्धा फेरा पुरतो. वायरीची टोपी कट्ट असा आवाज येईपर्यंत दाबा.

मग एक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. तुम्हाला वाटेल यात अजून पेट्रोल जाईल, पण इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांमध्ये पाय असा पूर्ण दाबून सेल्फ मारला की कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो आणि नुसती हवा आत सोडतो, आतलं साचलेलं पेट्रोल सुकतं. जरा पकडल्यासारखं वाटलं की पाय हळूहळू सोडा. नाही पकडलं तर मिनिटभर थांबा, सेल्फची मोटर गार होऊ द्या, मग पाय न लावता नेहमीसारखा सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांच्या वर कधीच नाही.

हे सगळं उघड्यावर करा. पार्किंग तळमजल्याच्या खाली असेल तर गाडी ढकलून वर काढा, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचून राहते. वायर हातात धरून इंजिनला टेकवून ठिणगी पडते का बघायची जुनी पद्धत आहे ना, ती अजिबात करू नका. आत्ताच्या कॉइलमधून हजारो व्होल्ट येतात, आणि तुमच्या गाडीभोवती तर पेट्रोलचा वास आहे.

धक्का मारलात तेही नको होतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, गाडी सुरू झाली की तिथे जळतं आणि तो भाग इतका तापतो की आतली जाळी वितळू शकते, आणि तो महागडा भाग आहे. गाडी सुरू झाल्यावर दहा मिनिटं रेस न देता चालू ठेवा. ऑइलची पट्टी काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर गाडी चालवायच्या आधी ऑइल आणि फिल्टर बदला, पेट्रोल मिसळलेलं ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगला सांभाळत नाही.

थ्रॉटल बॉडीकडे एकच बघा, एअर फिल्टरपासून येणारा रबरी पाइप नीट चढलाय का, क्लॅम्प आवळलाय का, आणि तिथला एखादा सेन्सरचा कनेक्टर लोंबकळत तर नाही ना. याने सहसा गाडी सुरू होऊन बंद पडते, पण बघून घ्या.

मी ज्या गॅरेजमध्ये काम शिकलो तिथे सगळ्या पद्मिनी टॅक्सी यायच्या. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ च्या २९ ऑक्टोबरला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तोवर लालबाग-परळच्या कितीतरी पोरांनी तिच्यावरच हात बसवला. तिच्यात प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर चार वायरी असायच्या, १-३-४-२ या क्रमाने, आणि चारही एकदम काढायची आम्हाला परवानगीच नव्हती. एक काढायची, तिची नवी लावायची, मग दुसरी. काढायचीच असतील तर खडूने नंबर टाकायचे. आता खडू नको, मोबाइलने फोटो काढा, पण एक एक वायर हाच नियम अजून चालतो.

आणि वडिलांना सांगून टाका. त्यांना गाडीचं आधीचं सगळं माहीत असेल, कुठला प्लग आधी कोणी घट्ट आवळला होता वगैरे, त्याचा उपयोग होतो.

*(अंक छपाईला जायच्या आधी या वाचकांचं दुसरं पत्र आलं. २ आणि ४ च्या वायरी बदलल्या होत्या. वायरी सरळ करून, प्लग सुकवून, चार्ज केलेल्या बॅटरीवर तिसऱ्या वेळी गाडी सुरू झाली, आधी बराच पांढरा धूर आला आणि मग थांबला. ऑइलला पेट्रोलचा वास होता म्हणून वडिलांनी आणि त्यांनी मिळून ते बदललं.)*

ज्यांच्या गाडीत पंपाचा आवाज येतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेट्रोल फिल्टर बदलायच्या आधी लाइनमधला दाब उतरवायला बरेच जण पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून ठेवतात आणि काम झाल्यावर तो खिशातच राहतो. आधी तो बघा. चावी फिरवूनही चेक इंजिनचा दिवा लागत नसेल तर मेन फ्यूज, मेन रिले आणि बॅटरीजवळची अर्थिंगची वायर बघा. आणि ज्यांनी टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा) घरी बदललाय आणि आता इंजिन दाब नसल्यासारखं हलकं सुर्रर्र फिरतंय, त्यांनी सेल्फला पुन्हा हातही लावू नका. टायमिंग चुकलं असेल तर कित्येक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो, प्रत्येक सेल्फला नुकसान वाढतं. कव्हर उघडून खुणा जुळवा किंवा टोचन करून गॅरेजला न्या.

तुम्ही जिथे हात लावला नाही तिथेही एकदा टॉर्च मारा. आपल्याकडे पार्किंगमध्ये उंदीर, घुशी बोनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. गाडी दोन दिवस उघडी पडली होती एवढं त्यांना पुरतं.

प्रश्न : मुलाने घरीच बॅटरी बदलली, तेव्हापासून इंजिन फिरतं पण सुरू होत नाही. मीटरवर चावीचं चित्र लुकलुकत राहतं. नवी बॅटरी खराब असेल का?
— एक वाचक भगिनी, गोरेगाव

उत्तर : इंजिन जोमाने फिरतंय म्हणजे बॅटरी ठीक आहे ताई. ते चित्र म्हणजे गाडी तुमची चावी ओळखत नाहीये. चावीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चावी किंवा सोसायटीच्या गेटचा टॅग असेल तर तो काढून, एकटी चावी लावून बघा. मग घरात ठेवलेली दुसरी ओरिजिनल चावी लावा. रस्त्यावर बनवलेल्या डुप्लिकेट चावीत चिप नसते, तिने दार उघडतं, सेल्फपण लागतो, पण गाडी सुरू होत नाही. दोन्ही ओरिजिनल चाव्यांनी झालं नाही तर बॅटरीचे दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा, हलले तर आवळा. तरीही चित्र लुकलुकत राहिलं तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चाव्या परत नोंदवाव्या लागतील, जाताना दोन्ही चाव्या आणि आरसी बरोबर न्या.

प्रश्न : गाडी सीएनजीवर आहे, पेट्रोल जवळपास भरतच नाही. फिल्टर वगैरे घरी साफ केल्यावर सकाळी सुरूच होत नाही. गॅसची लाइन उघडून बघू का?
— एक वाचक, कुर्ला

उत्तर : गॅसच्या लाइनला हात लावू नका, सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो, ते काम फक्त अधिकृत किटवाल्याचं. तुमची गाडी बहुधा पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जाते, म्हणून आधी टाकीत पाच-सात लिटर पेट्रोल घाला आणि पंपाचा आवाज ऐका. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो, महिनोन्‌महिने कोरड्या टाकीत चालवला की जळतो. पेट्रोल घातल्यावर चावी तीन-चार वेळा फक्त ऑन-ऑफ करा, लाइन भरू द्या, मग सेल्फ मारा. आवाजच आला नाही तर फ्यूज बघा, आणि फ्यूज चांगला असेल तर पंप उतरवावा लागेल.