वडिलांची जुनी मॅन्युअल ५० एमएम लेन्स निकॉन डी३५००वर लावून मॅक्रो फोटोग्राफी, म्हणजे किड्याफुलांचे अगदी जवळून फोटो, सुरू करता येईल का? मित्र म्हणतो ऑटोफोकसवाली मॅक्रो लेन्सच लागते.

येईल. आणि तुमचा हा मित्र मला ओळखीचा वाटतोय, कारण तसाच एक नमुना आमच्या नात्यात आहे. आमचे साडू.

माणूस चांगला आहे, पण मिक्सर असो की मोटार, जे महाग तेच चांगलं हा त्यांचा धर्म. त्यांनी १०५ एमएमची नवीकोरी मॅक्रो लेन्स घेतली त्या वर्षी गणपतीला आम्ही दोघेही जावई देवरुखजवळ सासुरवाडीला होतो. माझ्याकडे तेव्हाही होती आणि आजही आहे ती अपर्चर रिंगवाली ५० एमएम एफ/१.८ (अपर्चर म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक, एफचा आकडा मोठा तर भोक लहान), आणि बिनकॉन्टॅक्टच्या एक्स्टेन्शन रिंगांचा, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसवायच्या पोकळ कड्यांचा, स्वस्तातला संच. चहाच्या वेळी साडू सगळ्यांदेखत म्हणाले, "भाऊ, हे डबडं आता शोकेसमध्ये ठेवा. मॅक्रोला ऑटोफोकस लागतो." सासरे हसले. मला ते झोंबलं, खोटं कशाला बोलू?

मागच्या पडवीला लागून कढीपत्ता आहे. त्याच्या पानावर उड्या मारणारा कोळी होता, तांदळाच्या दाण्याएवढा, तोंडात चिलट. साडूंनी लेन्स रोखली. पावसाळी आभाळ, पडवीत अंधारून आलेलं. लेन्स मागे-पुढे, मागे-पुढे. कधी पानाची शीर पकडायची, कधी मागची भिंत. वाऱ्याने पान हललं की पुन्हा पहिल्यापासून.

हे होणारच. १:१ला, म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच सेन्सरवर उमटते तेव्हा, एफ/८वर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसमध्ये येणारी जाडी, अर्धा-पाऊण मिलिमीटर असते. श्वास घेतला तरी तुम्ही त्याहून जास्त हलता. ऑटोफोकसने डोळा पकडला तरी बटण दाबेपर्यंत फोकस पाठीवर गेलेला असतो. म्हणून इथे फोकस लेन्सने नाही, अंगाने करायचा. फोकसची रिंग एकदा ठरवून सोडून द्यायची आणि आपण केसभर पुढे-मागे झुलत राहायचं.

माझी पाळी आली तेव्हा मी डाव्या हाताच्या चिमटीत त्या पानाचा देठ धरला आणि त्याच मुठीवर लेन्स टेकवली. आता वारा आला तरी पान आणि कॅमेरा एकत्रच हलणार. फ्लॅशवर ट्रेसिंग पेपरची कमान चिकटवलेली होती. या कोळ्यांची एक सवय चांगली, जवळ गेलं की वळून तुमच्याकडेच बघतात. फोटोत मधले दोन मोठे डोळे, त्यात ट्रेसिंग पेपरचा मऊ पांढरा चौकोन, खाली चिलटाचा एक पंख, त्याच्या शिरांसकट. उघडा फ्लॅश मारला असता तर डोळ्यांत नुसता टाचणीच्या टोकाएवढा ठिपका आला असता आणि बाकी सगळं काळंभोर. तो फोटो मेव्हणीने मागून घेतला आणि आज साडूंच्याच हॉलमध्ये लावलेला आहे. पाहुण्यांना ते "आमच्याकडचा" एवढंच सांगतात.

तर तुमचं. ५० एमएमच्या लेन्सला एकूण ५० मिलिमीटर लांबीच्या रिंगा लावल्या की १:१. हिशोब एवढाच. नाहीतर लेन्स उलटी बसवणारी रिव्हर्स रिंग घ्या (लेन्सचा फिल्टर थ्रेड बघा, निकॉनच्या बहुतेक जुन्या ५०ना ५२ एमएम असतो), लेन्स उलटी लावली की तिथेही जवळपास तेवढंच मॅग्निफिकेशन मिळतं. फक्त मागची काच उघडी पडते, पावसात हा प्रकार नको.

डी३५०० अशा लेन्सवर मीटरिंग करत नाही, म्हणजे प्रकाश मोजून देत नाही, आणि डायल एमवर (मॅन्युअलवर) नसेल तर शटरच पडत नाही. घाबरू नका, कॅमेरा बिघडलेला नाही. शटर १/२००, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअलवर, एक फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघायचा आणि फ्लॅशची पॉवर कमी-जास्त करायची. लेन्स १.८वर उघडून चौकट जुळवा, मग अपर्चर रिंग फिरवून ८वर आणा. व्ह्यूफाइंडर अंधारतो, त्याची सवय होते. ११-१६च्या मोहात पडू नका. १:१ला एफ/८ हाच एफ/१६सारखा वागतो, त्यापुढे डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्याने, सगळं पिठूळ होतं.

पैसे खर्चायचेच असतील तर फ्लॅशवर खर्च करा. बाजारात लोक लेन्स बदलत बसतात आणि प्रकाश तोच ठेवतात, मग म्हणतात शार्प येत नाही. साडूंनाही हेच सांगून थकलो.

वडिलांची लेन्स लावण्याआधी टॉर्च मारून आत बुरशी आहे का बघा. मुंबई-कोकणात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला हमखास असते. कडेला थोडी जाळी असेल तर फोटोत दिसतही नाही, पण पुढे सिलिका जेल घालून बंद डब्यात ठेवा. अपर्चरच्या पात्यांवर तेल आलं असेल तरी फेकू नका. या रिंगांवर अपर्चर आपण हाताने आधीच बंद केलेलं असतं, त्यामुळे पाती आळसावलेली असली तरी चालतं. अजून एक, लेन्स एआयच्या (निकॉनच्या लेन्सने अपर्चर कॅमेऱ्याला कळवायच्या पद्धतीच्या) आधीची, म्हणजे १९७७च्या आधीची असेल तर तुमच्या डी३५००ला काही होत नाही, पण कुणाच्या डी७२०० या निकॉनच्याच वरच्या कॅमेऱ्यावर थेट लावू नका, मीटरिंगची कडी मोडू शकते.

आणि हो, फुलपाखरं आणि चतुर हाच तुमचा विषय असेल तर ५०ने त्रास होईल. रिंगा लावल्यावर वस्तू लेन्सपासून जेमतेम काही सेंटिमीटरवर येते, तोवर चतुर उडालेला असतो. तिथे १०५चं अंतर खरंच कामाचं आहे. लेन्स तेव्हाही मॅन्युअलवरच ठेवा. साडूही आता तशीच ठेवतात, विचारलं तर बॅटरी वाचते म्हणतात.