एका संस्थेतून एकच प्रस्ताव: अंतर्गत छाननीत दुसरा क्रमांक आला तर काय करू नये

आपला प्रश्न दोनदा वाचला. संशोधनासाठी निधी देणाऱ्या योजनेला संपूर्ण संस्थेतून एकच प्रस्ताव पाठवता येतो, आपल्या महाविद्यालयातील तीन विभाग इच्छुक आहेत, दोन पानी संकल्पना टिपण पुढील आठवड्यात द्यायचे आहे, त्यांतून एक निवडणाऱ्या अंतर्गत छाननी समितीत आपल्या विषयाचे कोणीही नाही, आणि शेवटी आपण सहज विचारावे तसे विचारले आहे की, "आमची निवड झाली नाही, तर प्राचार्यांचे पत्र वेगळे घेऊन थेट पाठवता येईल का?" त्या शेवटच्या वाक्यासाठी मी हे लिहीत आहे. साधारण बारा वर्षांपूर्वी सोलापुरातच मी हा प्रश्न स्वतःला विचारला होता आणि सोयीचे उत्तर स्वतःच देऊन मोकळा झालो होतो.

आधी एक खुलासा करतो. मी नियमांचा जाणकार अधिकारी नाही. रसायनशास्त्राचा प्राध्यापक होतो, चार वेळा प्रस्ताव घेऊन अशा समितीसमोर गेलो आणि नंतर तीन वर्षे तशाच समितीत बसलो, एवढाच माझा अधिकार. प्रत्येक योजनेची मार्गदर्शिका वेगळी असते आणि तिच्यात लिहिलेले माझ्या सांगण्यापेक्षा वरचढ आहे. उद्दिष्टे कशी मांडावीत, संदर्भ किती द्यावेत, अंदाजपत्रकाचे तक्ते कसे करावेत, हे आपणास येत असेलच असे धरून चालतो.

आता घडलेली गोष्ट. संस्थेचे नाव लिहीत नाही, निधी देणाऱ्यांचेही नाही. सोलापूर लहान आहे आणि त्या खुर्च्यांवर आता दुसरी माणसे आहेत. उपकरणासाठीची योजना होती आणि एका संस्थेतून एकच प्रस्ताव ही अट पहिल्याच पानावर होती. आमच्याकडून दोन टिपणे आली. माझे टिपण आयसीपी-एमएस या यंत्रासाठी होते, कारण रंगाई कारखान्यांच्या परिसरातील विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यातील जड धातूंचे मोजमाप आम्ही पुण्याला नमुने पाठवून करून घेत होतो आणि त्यात महिने जात होते. दुसरे टिपण वनस्पतिशास्त्राच्या मॅडमचे होते. डाळिंबावरील तेल्या रोगाचा जिवाणू लक्षणे दिसण्याआधी ओळखता यावा म्हणून त्यांना रिअल टाइम पीसीआर, म्हणजे डीएनएवरून जिवाणू ओळखणारे यंत्र, हवे होते. समितीने दोघांना प्रत्येकी पंधरा मिनिटे ऐकले आणि मॅडमचा पहिला, माझा दुसरा क्रमांक लावला. आज त्यांच्या जागी बसून पाहिले तर तो निर्णय बरोबर होता, हे मला मान्य आहे.

तेव्हा मान्य नव्हते. मी आठवडाभर रोज आमच्या संस्थेच्या कार्यालयात खेटे घातले. माझे म्हणणे असे की विभाग वेगळे, विषय वेगळे, यंत्रे वेगळी, म्हणजे या दोन प्रस्तावांत स्पर्धा नाहीच. तेथील अधिकाऱ्यांना कोणालाही नाराज करायचे नव्हते. ते म्हणाले, "सर, आपण कशाला वाईटपणा घ्यायचा? दोघांनाही पत्र देऊ. छाननी काय, तिकडे होईलच." मला अट पाठ होती. एकापेक्षा अधिक प्रस्ताव आल्यास सर्वच बाद होऊ शकतील, हे वाक्यही मी वाचले होते. तरीही मी ते पत्र घेतले, कारण माझ्या मनात 'होऊ शकतील' म्हणजे 'होतीलच असे नाही' असा अर्थ तयार झाला होता. दोन्ही शिफारसपत्रे एकाच दिवशी, लागोपाठच्या जावक क्रमांकांनी बाहेर पडली आणि दोन्हींवर सही एकाच हाताची होती.

चार महिन्यांनी उत्तर आले. एका संस्थेकडून दोन प्रस्ताव आल्याने दोन्ही मूल्यमापनाविना निकाली काढले आहेत, एवढाच मजकूर होता. माझाही प्रस्ताव गेला आहे हे मॅडमना त्या पत्रातून कळले. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत आणि तेच अधिक जड गेले. पुढच्या फेरीपर्यंत योजनेचे स्वरूप बदलले होते आणि त्यांच्या निवृत्तीपर्यंत ते यंत्र आमच्याकडे आले नाही.

कार्यालयाचे वागणे तर मी अजून विसरलो नाही. आम्ही विचारणा केली तेव्हा सांगण्यात आले की समितीने क्रमवारी लावल्याची कोणतीही नोंद नाही. ते खरेच होते, कारण बैठकीचे इतिवृत्त कोणी लिहिलेच नव्हते. पाच प्राध्यापकांनी अर्धा दिवस घालवून केलेला निर्णय कागदावर नसल्यामुळे झालाच नव्हता. पुढे त्याच कार्यालयाने एक परिपत्रक काढून प्राध्यापकांनी योजनेच्या अटींचे काटेकोर पालन करावे अशी समज दिली. सही त्याच हाताची होती. असो.

म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर: थेट पाठवू नका, वेगळे पत्र मागू नका, आणि कोणी आपुलकीने देऊ केले तरी घेऊ नका. निधी देणाऱ्यांच्या लेखी अर्जदार ही संस्था असते. आपले नाव प्रमुख संशोधक म्हणून असले, तरी पैसे संस्थेच्या खात्यात येतात आणि हमी संस्थाप्रमुखांची असते. विभाग वेगळा असल्याची माझी सबब कुठेच टिकणारी नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ज्या योजनांत एका संस्थेला एकच अर्ज करता येतो, त्यांत तर संस्था म्हणजे काय हे नोंदणी क्रमांकावरून ठरते. विभाग किती आणि इमारती किती, याला तिथे काहीही अर्थ नसतो.

अमेरिकेचा उल्लेख निघाला म्हणून सांगतो, तिथे या प्रकाराला 'लिमिटेड सबमिशन' म्हणतात आणि त्याची एक ठरलेली रीत आहे. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या मोठ्या संशोधन उपकरणांच्या योजनेत एका संस्थेला मोजकेच प्रस्ताव पाठवता येतात आणि यंत्राच्या किमतीच्या गटाप्रमाणे त्यांची संख्या ठरते. पॅकार्ड प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीसाठी निमंत्रित 50 विद्यापीठांच्या प्रमुखांनी प्रत्येकी दोनच तरुण प्राध्यापकांची नावे सुचवायची असतात. रक्कम पाच वर्षांसाठी 8 लाख 75 हजार डॉलर आहे, तेव्हा विद्यापीठाच्या आत किती चुरस होत असेल याची कल्पना करावी. तेथील संशोधन कार्यालये मूळ मुदतीच्या बरेच आधीची अंतर्गत मुदत जाहीर करतात, एक-दोन पानी टिपण मागवतात, प्राध्यापकांच्या छोट्या समितीकडून क्रमवारी लावून घेतात आणि दुसऱ्या क्रमांकाला राखीव ठेवतात, म्हणजे पहिल्याने माघार घेतली तर जागा वाया जात नाही. तिथेही वशिला आणि रुसवेफुगवे असतीलच, माणसे सारखीच. फरक एवढा की नकार लेखी मिळतो.

आपल्याकडे या लेखी नकाराचीच भीती वाटते. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी छाननीऐवजी पाळी चालते: या वर्षी रसायन, पुढच्या वर्षी भौतिकी, त्यानंतर ज्यांची निवृत्ती जवळ आली आहे ते. माझे स्पष्ट मत आहे की पाळीने प्रस्ताव पाठवणारी संस्था आपल्याच हाताने आपली एकुलती संधी लॉटरीला लावते. सर्वांना हे पटणार नाही. लहान विभागांना कधीच संधी मिळत नाही, ही त्यांची तक्रार खोटी नसते, हेही मला ठाऊक आहे.

समितीत आपल्या विषयाचे कोणी नाही याची चिंता आपण करता, पण मी तिकडच्या बाजूला बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती आपल्या उपयोगाची आहे. अंतर्गत समिती विज्ञानाची अंतिम परीक्षा घेत नाही. ती फक्त एवढेच पाहते की तीन टिपणांपैकी कोणते बाहेर जाऊन टिकेल आणि मंजूर झालेच तर संस्थेला तोंडघशी पाडणार नाही. माझ्या पहिल्या टिपणात धातूंच्या शोधमर्यादेवर, म्हणजे यंत्राला किती कमी प्रमाण ओळखता येते यावर, एक संपूर्ण परिच्छेद होता आणि आर्गॉन वायूबद्दल एकही ओळ नव्हती. समितीतील वाणिज्य शाखेच्या सरांनी विचारले, "हे चालवायला रोजचा खर्च काय?" आयसीपी-एमएसला मिनिटाला साधारण 15 ते 18 लिटर आर्गॉन लागतो, 7 घनमीटरचे एक सिलिंडर त्या हिशोबाने सात तासांच्या आसपास पुरते. प्रकल्प संपल्यानंतर ती सिलिंडरे कोणत्या पैशातून येणार, हे मला सांगता आले नाही. मॅडमकडे मात्र वार्षिक देखभाल कराराचा आकडा, अभिकर्मके (तपासणीला लागणारी रसायने) कोणत्या तापमानाला आणि कुठे ठेवणार, आणि डाळिंब बागायतदारांचे नमुने शुल्क घेऊन तपासल्यास वर्षाचा खर्च कसा निघेल, हे सारे अर्ध्या पानात होते. त्या जिंकल्या त्या तिथेच.

तेव्हा टिपणाच्या दोन पानांपैकी किमान अर्धे पान या रोकड्या प्रश्नांना द्या. खोली कोणती, तिथे वीज किती दाबाची, अखंडित वीजपुरवठ्याची सोय आहे का, हे लिहा. मे महिन्यात इथला पारा 43-44 अंशांवर गेल्यावर ती खोली थंड कशी राहणार, आणि शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येत असताना शुद्ध पाण्याच्या संयंत्राला पाणी कुठून मिळणार, हे बाहेरगावचा परीक्षक विचारणार नाही, पण आपल्या समितीतील प्रत्येक जण घरी तेच भोगत असल्यामुळे नक्की विचारील. यंत्र चालवणारा माणूस कोण आणि तो सोडून गेल्यास दुसरा कोण, याचेही उत्तर तयार ठेवा. कंत्राटी सहायकाच्या भरवशावर उभे असलेले प्रस्ताव मी स्वतः मागे टाकलेले आहेत.

ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही अशी आणखी एक बाब आहे. आपला प्रस्ताव कितीही चांगला असला, तरी संस्थेचे एखादे जुने उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, थकलेले असेल तर तेच आडवे येते. केंद्राच्या अनुदानासाठी ते सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 मधील नमुना 12-अ मध्ये द्यावे लागते आणि त्याला खर्चाच्या विवरणाची जोड असते. दुसऱ्याच विभागाने पाच वर्षांपूर्वी बंद केलेल्या प्रकल्पाची शिल्लक परत गेलेली नसते, आणि त्याची फळे आपण भोगतो. लेखा विभागात जाऊन आजच विचारा. त्याच फेरीत महाविद्यालय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अधिनियमातील 2(फ) बरोबरच 12(ब), म्हणजे केंद्राच्या अनुदानास पात्र ठरवणाऱ्या कलमाखालीही मान्यताप्राप्त आहे का, याचे पत्र मागून घ्या, कारण योजनेने ते मागितले तर ऐन वेळी कपाटाची किल्ली सापडत नाही.

समितीत बाहेरचा एक तरी जाणकार असावा अशी विनंती आपण लेखी करू शकता. 'माणूस मिळत नाही' हे कारण सोलापुरात तरी चालू नये. शेतीशी संबंधित विषय असेल तर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि पुण्यातील तज्ज्ञ दृक्‌श्राव्य बैठकीत तासभर सहज देतो. त्याचबरोबर स्पर्धेत स्वतःचे टिपण असलेल्या विभागप्रमुखांनी त्या दिवशी समितीतून बाहेर बसावे, हेही त्याच पत्रात लिहा. नाव घेऊ नका, सर्वसाधारण सूचना म्हणून लिहा. उद्या त्यांच्याच शेजारी बसून परीक्षेचे पेपर तपासायचे असतात. आमच्याकडे ही सूचना पहिल्या वर्षी कोणी वाचली नाही, दुसऱ्या वर्षी अंमलात आली.

टिपण देताना आवक क्रमांक आणि तारीख आपल्या प्रतीवर घ्या. बैठक झाल्यावर चार दिवसांत इतिवृत्ताची प्रत नम्रपणे मागा. निकाल आपल्या बाजूने लागला असेल तर ती अधिकच मागा, कारण कार्यालयाने कोणाला 'वेगळे पत्र' दिले तर आपल्या हातात दाखवायला काही असले पाहिजे. मॅडमच्या हातात काही नव्हते. निकाल विरुद्ध गेला तर आपले टिपण राखीव म्हणून नोंदवून घ्या. पहिल्या क्रमांकाचे लोक ऐन वेळी माघार घेतात असा माझा अनुभव आहे. तीन वर्षांत दोनदा तसे झाले आणि एकदा राखीव प्रस्ताव मंजूरही झाला.

तारखांचे एकदा नीट बघा. मूळ मुदत जानेवारीत असेल तर संक्रांतीच्या आसपास, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, इथे सह्यांसाठी माणूस भेटेल असे गृहीत धरू नका. आणि यंत्राच्या दरपत्रकावरील वैधता वाचा. 30 किंवा 60 दिवसांची दरपत्रके जोडून लोक अंतर्गत छाननीला बसतात, छाननीत महिना-दीड महिना जातो, आणि प्रस्ताव बाहेर पडताना दरपत्रक मेलेले असते. विक्रेत्याला सुरुवातीलाच 180 दिवसांची वैधता मागा; बहुतेक जण कुरकुर करतात, पण देतात.