वारस तर हुआ ग्वोफेंग होते, मग माओंनंतर चीनची सत्ता डेंग शाओपिंग यांच्याकडे कशी गेली?

वारस हुआच होते. आजारी माओंनी त्यांना ‘कारभार तुमच्याकडे आहे, मी निश्चिंत आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी लिहून दिली होती. हुआंचं भांडवल म्हणाल तर जवळपास तेवढंच.

९ सप्टेंबर १९७६ ला माओ गेले. महिना उलटायच्या आत, ६ ऑक्टोबरच्या रात्री, माओंच्या निवडक लेखनाच्या पाचव्या खंडावर बैठक आहे असं सांगून चांग छुनछियाओ आणि वांग होंगवन यांना बोलावलं आणि आत शिरताच धरलं. माओंची पत्नी च्यांग छिंग यांना राहत्या घरातून उचललं. सांस्कृतिक क्रांतीतल्या जहाल नेत्यांची ‘चौकडी’ (हे तिघे आणि याओ वनयुआन) एका रात्रीत गजाआड! आदेश हुआंचा, पण जोर मार्शल ये च्येनयिंग आणि सुरक्षादलाचे वांग तोंगशिंग यांचा.

खरी मेख इथेच आहे. लष्करातली आणि पक्षातली जुनी मंडळी डेंगना दशकानुदशकं ओळखत होती. हुआ त्यांना कालचे. १९७६ मध्ये पदांवरून दूर केलेले डेंग जुलै १९७७ मध्ये परतले. हुआ मात्र ‘माओंचा प्रत्येक निर्णय योग्य’ या भूमिकेला चिकटून राहिले आणि अडकले. डिसेंबर १९७८ च्या पक्षाच्या केंद्रीय समितीच्या बैठकीनंतर सूत्रं डेंगकडे. हुआंचं पंतप्रधानपद १९८० ला गेलं, पक्षाध्यक्षपद १९८१ ला. तुरुंगात मात्र टाकलं नाही; २००२ पर्यंत ते केंद्रीय समितीत होते.