जुन्या जीपचा टेंपरेचर काटा सारखा वर जातो. इंजिन खरोखर तापते आहे की मीटर चुकीचे दाखवते, हे कसे ओळखावे?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे: जीप १९९६ सालची, डिझेलवर चालणारी, घाटात, आणि क्वचित सपाट रस्त्यावरही, तापमानाचा काटा ‘एच’च्या (म्हणजे ‘हॉट’च्या) रेघेपर्यंत जातो, पाणी मात्र उकळत नाही आणि कमीही होत नाही, मेकॅनिकने थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापले की मगच त्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला, तापमानाचा सेन्सर नवा बसवला, तरी फरक पडला नाही, म्हणून आता तो रेडिएटर बदलायला सांगतो आहे. रेडिएटरचे पैसे तूर्त खिशातच ठेवावेत, असे माझे मत आहे. इंजिन तापते हे अजून कोणीच पडताळून पाहिलेले नाही. काटा वर जातो, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. अर्थात पडताळणी होईपर्यंत काटा खरे बोलतो असेच धरून चालावे आणि तो वर गेला की गाडी बाजूला घ्यावी.

पडताळणीसाठी एखाद्या गॅरेजमधून इन्फ्रारेड थर्मामीटर मागून आणा. करोनाच्या काळात घरोघरी आलेला, कपाळावर धरायचा थर्मामीटर येथे उपयोगाचा नाही, कारण त्याची मजल त्रेचाळीस अंशांच्या आसपास संपते. सेन्सर जेथे बसवला आहे त्याच्या शेजारच्या धातूवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. चकचकीत धातूवर हे यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. काटा ‘एच’वर असताना तेथे ८५ ते ९५ अंश मिळाले, तर इंजिन ठीक आहे आणि दोष मीटरच्या बाजूला आहे. आकडा १०५च्या पुढे गेला, तर मात्र फॅन बेल्ट, वॉटर पंप, रेडिएटर आणि हेड गॅस्केट यांच्याकडे वळावे लागेल. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडून पाहण्याचा मोह मात्र टाळावा.

दोष मीटरच्या बाजूचा ठरला, तर आधी त्याची रचना समजून घ्यावी. सेन्सरला एकच वायर येते. त्याचे दुसरे टोक म्हणजे त्याचे पितळी अंग, जे आट्यांमधून इंजिनाला आणि इंजिनामार्फत बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेले असते. पाणी जितके गरम तितका सेन्सरचा विद्युतरोध कमी, आणि रोध जितका कमी तितका काटा वर. म्हणून चावी ‘ऑन’ करून सेन्सरची वायर काढली की काटा ‘सी’कडे पडला पाहिजे, आणि तीच वायर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवली की तो ‘एच’कडे निघाला पाहिजे. तो हलू लागला की वायर लगेच काढा, धरून ठेवू नका. वायर काढल्यावरही काटा वरच राहिला, तर वायर वाटेत कोठेतरी बॉडीला चिकटते आहे असे समजा. ती पत्र्यातून आत जाते त्या भोकातले रबर निघून गेलेले असते आणि पत्र्याची धार वायरचे वेष्टण कापते, हे मी जुन्या गाड्यांत अनेकदा पाहिले आहे. (सेन्सरपासून वायरऐवजी बारीक तांब्याची नळी निघत असेल, तर ते मीटर विजेवर चालत नाही आणि ही चाचणी त्याला लागू नाही.)

ही चाचणी उत्तीर्ण होऊनही काटा खोटे बोलू शकतो, आणि आपल्या वर्णनावरून मला येथेच संशय येतो. मंद गतीने सरकणाऱ्या जुन्या काट्यांना बॅटरीचा चढउतार लागू नये म्हणून त्यांच्या मागे एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, आणि बहुधा तोच डिझेलच्या काट्यालाही वीज पुरवतो. म्हणून मला आपल्याला विचारावेसे वाटते: टेंपरेचर काटा वर जातो तेव्हा डिझेलचा काटाही वर सरकतो का?

हे विचारण्याचे कारण माझा स्वतःचा अनुभव आहे. माझ्या जुन्या जीपचा काटा खंबाटकी घाट चढताना हमखास वर जात असे, आणि मी दोन पावसाळे रेडिएटर धुण्यात, कूलंट बदलण्यात आणि पंख्याची पाती मोजण्यात घालवले. एका रात्री घरासमोर मागचा दिवा तपासताना गाडी उभीच होती, इंजिन थंडसर होते, आणि मी दिव्यांचे बटण ओढताच काटा पाव इंच वर सरकला. तेव्हा लक्षात आले की मी घाट नेहमी दिवेलागणीनंतरच चढत होतो. काट्याला घाटाशी काही देणेघेणे नव्हते, त्याचे नाते दिव्यांशी होते. डॅशबोर्डच्या पत्र्याचे अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी असलेली जोडणी, एका गंजलेल्या स्क्रूवर अवलंबून होते. मीटरमधले दिवे लागले की त्या स्क्रूवर व्होल्टेज साठत असे, स्टॅबिलायझरचा पायाच तेवढा वर उचलला जात असे, आणि दोन्ही काटे वर सरकत. डिझेलचा काटाही वर जातो हे मला दिसले नव्हते असे नाही. टाकी जरा भरलेली दिसली की कोण तक्रार करतो? पत्रा घासून, डॅशबोर्डपासून चासीपर्यंत एक स्वतंत्र वायर ओढली आणि विषय मिटला.

तेव्हा गाडी उभी असताना, चावी ‘ऑन’ ठेवून, दिवे, वायपर आणि इंडिकेटर एकेक करून लावून पाहा. काटा इंडिकेटरच्या तालावर हलत असेल तर अर्थिंग शोधा. इंजिन आणि चासी यांना जोडणारी जाड पट्टीही पाहा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे ती तुटली की विजेला परतीची धड वाट राहत नाही.

आता नव्या सेन्सरविषयी. आटे जुळले म्हणजे सेन्सर जुळला असे होत नाही. दिसायला सारख्या दोन सेन्सरांचा रोध निराळा असू शकतो आणि चुकीचा बसला की काटा कायम वर किंवा कायम खाली दाखवतो. आपला जुना सेन्सर मेकॅनिककडून परत मागा. दोन्ही सेन्सर तारेने बांधून एका पातेल्यातल्या पाण्यात असे लटकवा, की त्यांचे तळ भांड्याला टेकणार नाहीत आणि टोके पाण्याबाहेर राहतील. मल्टिमीटरची एक पिन टोकाला व दुसरी पितळी अंगाला लावून गार पाण्यात, ६० अंशांवर, ८० अंशांवर आणि उकळत्या पाण्यात रोध नोंदवा. (पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते, त्यामुळे थर्मामीटर १०० दाखवत नाही म्हणून त्याला दोष देऊ नये.) आकडे टप्प्याटप्प्याने उतरले पाहिजेत, दोन्ही सेन्सरांचे आकडे उकळत्या पाण्यात फार वेगळे आले, तर नवा सेन्सर दुकानात परत करा. बसवताना आट्यांवर नळाची पांढरी टेप भरपूर गुंडाळू नये, कारण तीच कधी कधी अर्थिंग तोडते.

या सगळ्यात एक गोष्ट उलटी आहे आणि ती धोक्याची आहे. रेडिएटरचे पाणी खरोखर गळून गेले, तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली येतो. घाटात अचानक खाली आलेल्या काट्यावर खूश न होता गाडी थांबवावी आणि इंजिन बंद करून ते थंड होऊ द्यावे.

आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत बसवा. त्याच्याशिवाय इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, डिझेल जास्त खाते, आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करतो तेथे पाणी रेडिएटरला टाळून फिरत राहते, म्हणजे तो काढल्यामुळेच इंजिन तापू शकते. सेन्सरच्याच पातेल्यात तोही टाकून पाहा; त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास, बहुधा ८२ला, तो उघडू लागला तर त्याच्यात काही बिघाड नव्हता.