बायपोलर (कधी अति उत्साहाचा उन्माद, कधी नैराश्य असा मानसिक आजार) असलेला माझा भाऊ बरं वाटलं की गोळ्या बंद करतो. घरच्यांनी काय करावं?

बरं वाटतंय ते गोळ्यांमुळेच, हे त्याच्याशी तब्येत स्थिर असताना बोला. उन्माद चढल्यावर वाद घालून उपयोग नसतो. तेव्हा आवाज खाली ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

झोपेवर लक्ष ठेवा. तीनच तास झोपून ताजातवाना, भरभर बोलणं, अचानक मोठी खरेदी, ही बहुतेकदा उन्मादाची चाहूल. अशा वेळी कोणाला बोलवायचं, एटीएम कार्ड कोणाकडे ठेवायचं, हे त्याच्याच संमतीने आधी ठरवा. त्याला विचारून ठरवलेलं तो मानण्याची शक्यता जास्त.

लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर रक्तातली पातळी वेळोवेळी तपासावीच लागते. जुलाब, उन्हाळ्यात कमी पाणी, मीठ एकदम तोडणं किंवा मनाने घेतलेली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी, यांनी ती धोकादायक वाढू शकते. (निर्जळी उपासही म्हणूनच डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.) उलट्या, हात खूप थरथरणं, तोल जाणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

नैराश्यात त्याला आळशी म्हणू नका. मरणाचं बोलला तर क्षणभरही एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं, घरच्यांनाही.