लेक्सस एलसीसारख्या कूपेचं बाहेरचं-आतलं डिझाइन एवढ्या पैशांचं असतं का?

तुम्ही विचारलंय की लेक्सस या टोयोटाच्या महागड्या ब्रँडच्या दोन-दारी कूपेच्या, म्हणजे एलसी ५००एचच्या, बाहेरच्या आणि आतल्या डिझाइनमध्ये असं काय आहे, आणि पुढे स्वतःच लिहिलंय, 'डिझाइन म्हणजे शेवटी वरची रंगरंगोटी, खरी गाडी खाली असते, मग त्या पैशात पोर्शेची ९११ का घेऊ नये?' पहिल्या भागाचं उत्तर शोरूमचा माणूस चहा पाजून देईल. मी लिहायला बसले ती त्या रंगरंगोटीमुळे. हे वाक्य मी सख्ख्या भावाच्या तोंडून दर गणपतीला ऐकत आलेय.

मी क्लास-ए सरफेसिंग करते. क्ले मॉडेलवर, म्हणजे मातीच्या नमुन्यावर, जो आकार उतरलेला असतो तो गणिती पृष्ठभागात बांधायचा, तोही असा की प्रेसमध्ये पत्रा फाटणार नाही आणि उभ्या गाडीवरून उजेड कुठेही न अडखळता पुढे जाईल. दादा पिंपरीला इंजिन पॅकेजिंगमध्ये आहे, म्हणजे बॉनेटखाली काय कुठे बसेल हे ठरवणारा माणूस. त्याच्या मते आधी यंत्र, मग त्यावर आम्ही कापड पांघरायचं. साताऱ्याला आमच्या नानांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासून झाली की नाना डोळे मिटून पॅनेलवरून तळहात फिरवायचे, मग वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायचे. ट्यूब कुठे मुरडली की पुन्हा पॉलिश पेपर. आम्ही कॉम्प्युटरवर झेब्राचे पट्टे टाकून बघतो ते हेच. दादाही त्याच गॅरेजमध्ये वाढला. नानांचे हात त्यानेही पाहिलेत, आणि तरी तो असं बोलतो, हे मला लागतं.

आता एलसी. या गाडीत रेघ आधी आली आणि यंत्राला तिच्यासाठी खाली वाकावं लागलं, म्हणून तिच्याबद्दल बोलायचं. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या मोटार मेळाव्यात टोयोटाचे तेव्हाचे अध्यक्ष आकिओ तोयोदांना लोकांनी तोंडावर सांगितलं की लेक्सस कंटाळवाण्या असतात. जानेवारी २०१२ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात एलएफ-एलसी ही संकल्पना गाडी उभी राहिली. तिचं काम कॅलिफोर्नियातल्या काल्टी या टोयोटाच्या डिझाइन स्टुडिओत झालं होतं. लांबलचक नाक, बसका माथा, मागे रुंद होत गेलेला पार्श्वभाग. अशा गाड्या प्रदर्शनापुरत्या असतात, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. ती बनवायची ठरली तेव्हा लेक्ससकडे तिच्या मापाचा सांगाडाच नव्हता. मग नवा प्लॅटफॉर्म आला, जीए-एल. तो पहिल्यांदा एलसीलाच मिळाला. कोजी सातो मुख्य अभियंता होते, तादाओ मोरी मुख्य डिझायनर. जानेवारी २०१६ मध्ये त्याच डेट्रॉइटला एलसी ५०० आली, आणि चार वर्षांपूर्वीची गाडी ज्यांनी पाहिली होती त्यांना ती लगेच ओळखू आली.

मी तेव्हा नागोयाजवळ एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कामाला होते. दादा ट्रेनिंगसाठी जपानला आला. रविवारी त्याला आधी टोयोटाच्या उद्योग-तंत्रज्ञान संग्रहालयात नेलं. तिथल्या यंत्रमागांपाशी तो असा रमला की जेवायची वेळ टळली. संध्याकाळी मी त्याला एलसी दाखवायला घेऊन गेले. खरं सांगायचं तर जपानला येतोय असं त्याने फोनवर म्हटलं तेव्हाच मी हे ठरवून टाकलं होतं.

गडद लाल रंगाची गाडी होती. दादाने एक चक्कर मारली, ग्रिलकडे बघून तोंड वाकडं केलं आणि विक्रेत्याला बॉनेट उघडायला सांगितलं. रंगरूप बघायचंच नव्हतं त्याला. आत पाच लिटरचा व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही. तो वाकला, हाताची वीत करून सस्पेन्शनचा वरचा भाग मोजला, पुन्हा मोजला.

"एवढं खाली कसं आणलं यांनी?"

"बॉनेटची रेघ तिथे होती म्हणून," मी म्हटलं.

स्पोर्ट्स कूपेत पुढच्या सस्पेन्शनची उंची ही बॉनेटची शत्रू असते. चाक मोठं, त्यावर स्प्रिंग-डँपर, त्यावर पत्रा, आणि मधे मोकळी जागाही सोडायची. एलसीचं पुढचं सस्पेन्शन मल्टिलिंक आहे, म्हणजे चाक अनेक दांड्यांनी धरलेलं, आणि वरच्या-खालच्या दोन्ही आर्मना (दांड्यांना) दुहेरी बॉल जॉइंट, म्हणजे गोळीवर फिरणारे सांधे. ही मांडणी बेतताना बुटकेपणा हा हिशेबाचा भाग होता, म्हणून २० आणि २१ इंची चाकं घालूनही नाक खालीच राहिलं. इंजिन पुढच्या आसाच्या मागे सरकवलंय, वजन वाटलं जावं म्हणून बॅटरी डिकीत नेलीय. दिवे बघा. तीन एलईडी प्रोजेक्टर एका बारीक चिरेत बसवलेत. नेहमीच्या आकाराचे दिवे वापरले असते तर नाक पुढे वाढवावं लागलं असतं आणि चाकापुढचा भाग लोंबल्यासारखा दिसला असता. म्हणजे दिवाही रेघेसाठी लहान केला.

दादाकडे हुकमी पान होतं. "पादचाऱ्याच्या डोक्याचं काय? बॉनेट आणि इंजिनमध्ये जागा सोडावीच लागते. त्यासाठीच आम्ही तुमच्या बॉनेट उचलतो." त्याचं बरोबर आहे. धडक बसली तर माणसाचं डोकं पत्र्यावर आपटतं, पत्रा दबतो, आणि खाली कडक इंजिन असेल तर माणसाच्या जिवावर बेततं. एलसीत यासाठी पॉप-अप हूड आहे. धडक जाणवताच बॉनेटची मागची बाजू वर उचलली जाते आणि ती जागा तेवढ्या क्षणापुरती तयार होते. बाकी सगळा काळ बॉनेट खालीच. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "हे लेक्ससला परवडतं गं. आपल्याकडे कोण देणार पैसे?"

खरा वाद हा आहे आणि तो पैशांचा नाही. पुण्यात मी आधी जिथे होते तिथल्या एका प्रकल्पात बॉनेट शेवटच्या टप्प्यात पंधरा मिलिमीटर उचललं गेलं. एक ब्रॅकेट बसत नव्हता. बैठकीत मुद्दा आला की गिऱ्हाइकाला पंधरा मिलिमीटर कळत नाहीत. कळतात. त्याला आकडा सांगता येणार नाही, पण गाडी 'फुगल्यासारखी' दिसते असं तो म्हणेल आणि शेजारच्या शोरूममध्ये जाईल. पुढचा फेंडर, विंडस्क्रीनचा पाय, आरशाची बैठक, सगळं त्या पंधराच्या मागे हललं आणि कित्येक आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं. तो ब्रॅकेट दुसरीकडे न्यायला किती खर्च आला असता हे कुणी विचारलंच नाही. एलसीच्या लोकांनी नेमकं तेच विचारलं. पहिल्या दिवशी विचारलं तर त्याला लेक्ससएवढे पैसे लागत नाहीत.

बाहेरच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गाडी ४७६० मिमी लांब, १९२० रुंद, १३४५ उंच. वरची केबिन मागे जाताना आत निमुळती होत जाते, त्यामुळे मागची चाकं बाहेर आल्यासारखी भरदार दिसतात. छताच्या कडेची चकाकती पट्टी मागच्या खांबापाशी काळ्या भागात तुटते आणि छत तरंगल्यासारखं वाटतं. मागचे दिवे अर्ध्या आरशाचे आहेत, एका इंग्रजी एल अक्षराच्या आत दुसरा एल खोल गेलेला दिसतो. दरवाज्याची हँडलं पत्र्याशी सपाट. ग्रिलबद्दल लोक भांडतात. मला ती या गाडीत शोभते, कारण तिची जाळी खाली येताना बदलत जाते आणि नाक इतकं खाली आहे की एवढं मोठं तोंड त्याला पेलतं. तीच ग्रिल उंच एसयूव्हीवर मला सहन होत नाही.

आतल्या बाजूबद्दल तुम्ही 'लेदर-बिदर' असं लिहिलंय. लेदर आता पंचवीस लाखांच्या गाडीतही मिळतं, ते सोडा. दादाला मी ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. बसल्या बसल्या तो म्हणाला, "बरोबर मध्ये बसलोय." एलसीत ड्रायव्हरचा हिप पॉइंट, म्हणजे कंबर टेकते ती जागा, गाडीच्या गुरुत्वमध्याजवळ आणलाय. वळणावर गाडी तुमच्याभोवती फिरल्यासारखी वाटते ती त्यामुळे, आणि ही जागा ठरल्याशिवाय आतलं काहीच ठरत नाही. डॅशबोर्ड किती खाली, स्टिअरिंग किती उतरतं, काचेतून बॉनेटची कड किती दिसते, सगळं तिथून निघतं. मग हात कुठे जातात ते बघा. स्टिअरिंगच्या कड्याचा आडवा काप गोल नाही, पकड बदलते तसा तो बदलतो. स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल मॅग्नेशियमचे. ड्राइव्ह मोडचा खटका मीटरच्या छपराला शिंगासारखा बाहेर काढलाय, नजर रस्त्यावरून न हलवता बोटांना सापडतो. मीटरमधली सरकणारी कडी लेक्ससच्याच एलएफए या सुपरकारवरून आलीय. ती गाडी २०१० ते २०१२ मध्ये फक्त ५०० बनली, टोयोटाच्या मोतोमाचीच्या कारखान्यात, आणि एलसीही तिथलीच.

दरवाज्याच्या आतल्या बाजूला अल्कांतारा, म्हणजे मऊ स्वेडसारखं कापड, चुण्या घालून बसवलाय. पुढून मागे पंख्यासारख्या उलगडत जाणाऱ्या चुण्या. दादा त्यावर बराच वेळ हात फिरवत होता. ट्रिमचं काम केलेल्या कुणालाही विचारा, कापड सपाट ताणणं सोपं असतं. चुणी ठरलेल्या जागी, दोन्ही दरवाज्यांना सारखी आणि उन्हाने सैल न पडणारी बसवायची तर साचा, चिकटवणं, हात, सगळं पक्कं लागतं. त्या चुण्यांशिवायही दरवाजा उघडला असता, हे कबूल. पण बाहेरची कमरेची रेघ ज्या ओघाने मागे जाते त्याच ओघाने आतलं कापड जातं. बाहेरचे आणि आतले लोक एका टेबलावर बसल्याशिवाय हे जमत नाही. बऱ्याच महागड्या गाड्यांत आत शिरल्यावर दुसऱ्याच गाडीत आल्यासारखं वाटतं, ते लोक एकत्र बसलेले नसतात म्हणून.

९११चं विचारलंत. ९११ ही सुंदर गाडी आहे आणि १९६३ पासून तिचा आकार इंजिनाच्या जागेवरून आलाय. इंजिन मागे आहे म्हणून छत तसं उतरतं. तुमच्या 'यंत्र आधी' या म्हणण्याला ती चांगला पुरावा आहे. पण मग तुम्ही तिचा आकार आवडतो म्हणून ती घेताय की यंत्र आवडतं म्हणून, हे स्वतःला विचारा. बहुतेक जण आकारावर पैसे मोजतात आणि बोलताना यंत्राचं नाव घेतात. दादाला मी जॅग्वार ई-टाइपचंही उदाहरण देते. १९६१ ची ती गाडी ज्याने आखली तो माल्कम सेयर हवाई जहाजांच्या कारखान्यातून आलेला एरोडायनॅमिक्सचा माणूस. त्याच्या कागदावर हवेचं गणित आणि रेघ एकच होती. यंत्रवाले आणि रूपवाले अशी दोन खाती नंतर कंपन्यांनी पाडली, आणि आता त्या भिंतीच्या अलीकडून-पलीकडून भावंडं भांडतात.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. भारतात एलसी जानेवारी २०२० मध्ये आली ती ५००एच, म्हणजे साडेतीन लिटर व्ही-६ हायब्रिड, तेव्हा किंमत १ कोटी ९६ लाख एक्स-शोरूम. मी वर ज्या व्ही-८ बद्दल लिहिलंय ती ही नाही. आवाजासाठी घेणार असाल तर मन खट्टू होईल. मागच्या सीटवर मोठं माणूस बसू शकत नाही, मुलंही कुरकुर करतील. स्क्रीन चालवायला जो टचपॅड दिला होता तो वाईट होता, यात मतभेदाला जागा नाही. नंतर लेक्ससने तो काढून १२.३ इंची टचस्क्रीन दिला. एवढ्या विचाराने आखलेल्या गाडीत ड्रायव्हरला चालत्या रस्त्यावर पॅडवर बोट घासायला लावलं याचा मला आजही राग येतो. डिझाइन डिझाइन म्हणून मी भांडते त्यात हेही येतं. स्क्रीनकडे हात कसा जातो हा डिझाइनचाच प्रश्न आहे आणि तो तिथे चुकला.

घ्यावी का, हे मी सांगणार नाही, तुमचं उत्पन्न मला माहीत नाही. बघायला मात्र जा, आणि जाल तेव्हा बोनस म्हणून एक करा. समोर उभं न राहता मागच्या चाकापाशी उकिडवे बसा आणि छताच्या दिव्यांचं प्रतिबिंब फेंडरवरून दरवाज्यावर येताना बघा. दोन पॅनेलमधल्या फटीवर ते तुटतं का बघा. मग शेजारची दुसरी कुठलीही गाडी तशीच बघा. दादाने हे केलं नाही. बॉनेट बंद झाल्यावर तो घड्याळ बघायला लागला होता. घरी येऊन मात्र त्याने त्या बॉल जॉइंटच्या मांडणीचं चित्र माझ्याकडून कागदावर काढून घेतलं, आणि आता त्याच्या नव्या प्रकल्पात बॉनेटची उंची सस्पेन्शनच्या आधी गोठवा असा आग्रह तो स्वतः धरतोय. कारण विचारलं तर सांगतो, वजन कमी होतं. चालेल. बॉनेट खाली राहिलं की झालं. आणि हो, तुमच्या सोसायटीच्या पार्किंगचा उतार मोजून घ्या. एवढं लांब नाक असलेली गाडी उताराच्या तोंडाशी घासली तर बंपरचं जे होईल ते मला बघवणार नाही.