पहिलं बॅरिटोन युकुलेले घेताना

पहिलं बॅरिटोन, म्हणजे मोठ्या आकाराचं चार तारांचं युकुलेले घेतोयस आणि घेताना काय बघू असं विचारलंयस, वाचून मस्त वाटलं, आवाज भरदार असतो आणि मोठ्या बोटांना जागाही मिळते. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर, याचं ट्यूनिंग, म्हणजे चार मोकळ्या तारांचे स्वर, डी-जी-बी-ई, गिटारच्या खालच्या बाजूच्या चार बारीक तारांसारखं. यूट्यूबवरचे बहुतेक धडे जी-सी-ई-ए वाल्या छोट्या युकुलेलेचे असतात, त्यातला सी कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) बोटांचा आकार धरलास तर इथे जी कॉर्ड वाजेल. नवीन लोक इथेच गोंधळतात आणि वाद्यच खराब आहे म्हणून वैतागतात.

बजेट कमी असेल तर बिनधास्त लॅमिनेट (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेलं) घे, सॉलिड लाकडाच्या मागे आत्ता लागू नकोस. आपल्या पावसाळ्यात लॅमिनेट जास्त तग धरतं. काला (Kala) कंपनीचं केए-बी मॉडेल चांगलं आहे, सेकंडहँड मिळालं तरी चालेल, पण हातात घेऊन हे बघ:

- पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी) तार दाबायला जोर लागतोय का? लागत असेल तर सोड, बोटं दुखून आठवड्यात बंद करशील
- मोकळी तार आणि तीच बाराव्या फ्रेटवर दाबून, दोन्ही ट्यूनरवर (स्वर दाखवणाऱ्या यंत्रावर) तपास, स्वर तोच यायला हवा, फक्त एक सप्तक वर
- फ्रेटच्या कडा हाताला टोचतात का

गिटारच्या स्टीलच्या तारा चुकूनही लावू नकोस, ताणाने ब्रिज (तारा अडकवलेली लाकडी पट्टी) उखडू शकतो. आणि नवीन तारा सुरुवातीचे काही दिवस सारख्या सुरातून उतरतात, घाबरू नकोस, क्लिपवाला ट्यूनर घे आणि दरवेळी सुरात लावूनच वाजव. पिकअप (आवाज स्पीकरवर नेणारा भाग), महागड्या तारा वगैरे नंतर बघू, आधी जी, सी आणि डी कॉर्ड बसव.